मिनिएचर रंगवण्यासाठी उजेड कसा लावावा: मुंबईच्या घरातली मांडणी, पायरीपायरीने

रात्री बसून रंगवलेला मिनिएचरच्या, म्हणजे इंचभर उंचीच्या छोट्या पुतळ्याच्या (फिगरच्या), झग्याचा लाल सकाळी खिडकीशी नेला की विटकरी दिसतो. तीन थर देऊन चढवलेलं हायलाइट, म्हणजे उठावाच्या जागेवरची उजळ छटा, दिवसा शोधूनही सापडत नाही. तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी एक चांगला टेबल लॅम्प आधीच घेतलेला असतो, आणि तो पुरत नाही म्हणून आणखी जोरदार दिवा घ्यायचं चाललेलं असतं. पण गडबड दिव्याच्या जोरात क्वचितच असते, ती क्रमात असते. आधी बसायची जागा, मग खोलीत शिरणारा परका उजेड, मग बल्ब, मग बल्ब कुठे लावायचा ते, मग त्याची चकाकी मारणं, आणि हे सगळं तपासून झालं की ब्रश. दिवा विकत घेणं तिसऱ्या टप्प्यावर येतं. तो आधी आणला की बाकीचं सगळं त्याच्याभोवती जुळवत बसावं लागतं.

पुढची मापं २८ ते ३२ मिलिमीटरच्या फिगरसाठी आहेत. तिचा चेहरा चार-पाच मिलिमीटरचा, डोळा एक मिलिमीटरही नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे रंगवणाऱ्यांनाही हीच मांडणी चालेल, फक्त त्यांना दिवे थोडे लांब ठेवता येतील.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

लांब हाताचे, टेबलाला क्लॅम्पने बसणारे दोन लॅम्प. एकाच कंपनीचे, खोक्यावर सारखीच माहिती असलेले दोन बल्ब. ट्रेसिंग पेपरचे दोन-चार तुकडे. ए-फोर आकाराचे पाच-सहा कोरे पांढरे कागद, आणि दोन करडे कार्डशीट. चिकटपट्टी, मार्कर, मोजपट्टी, फोन. शिवाय तुम्ही स्वतः रंगवलेली, लाल आणि त्वचेचा रंग असलेली एक जुनी फिगर.

लॅम्प आणि बल्ब अजून घेतले नसतील तर घेऊ नका. पहिले दोन टप्पे त्यांच्याशिवायच करायचे आहेत.

टप्पा १: जागा ठरवा

वन रूम किचनमध्ये निवडीला फारसा वाव नसतो, तरी टेबल कोणत्या तोंडाने लावायचं एवढं आपल्या हातात असतं. खिडकी पाठीशी आली तर तुमचीच सावली कामावर पडते. खिडकी समोर आली तर डोळ्याची बाहुली त्या झगझगीत चौकोनाला जुळवून घेते आणि हातातली फिगर काळवंडते. म्हणून उजव्या हाताने रंगवणाऱ्याने खिडकी डाव्या बाजूला घ्यावी, डावखुऱ्याने उजव्या.

उत्तरेकडची खिडकी उत्तम, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मुंबईत ते बाराही महिने खरं नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो. ढग नसतील तर त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन येतं. त्या काळापुरता साधा पांढरा पडदा लावा. फुलाफुलांचा किंवा क्रीम रंगाचा नको, कारण पडदा आपला रंग उजेडाला देतो.

आता वर बघा. आपल्याकडे ट्यूब भिंतीवर छताजवळ असते आणि पंखा खोलीच्या मधोमध. बसायची जागा पंख्याच्या पलीकडे गेली की पात्यांची सावली टेबलावरून सतत फिरत राहते. ती इतकी फिकट असते की लक्षात येत नाही, पण डोळे मात्र शिणतात. टेबल ट्यूब आणि पंखा यांच्या मध्ये येईल असं सरकवा, किंवा काम करताना ती ट्यूब बंद ठेवून दुसऱ्या भिंतीवरची लावा.

तपासणी: पंखा पाचवर करून टेबलावर पांढरा कागद ठेवा. कागदावर काहीही हलताना दिसत असेल तर टेबल अजून हलवायचं आहे.

टप्पा २: परका उजेड ओळखा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि रंग चुकण्याचं सर्वांत मोठं कारण इथेच असतं.

जूनमध्ये छज्ज्यांवर निळी ताडपत्री चढते. तिच्यातून गाळून आलेला उजेड खोलीभर निळसर असतो. दोन दिवसांत नजर त्याला सरावते, मग तो निळसर वाटतच नाही. पण त्या उजेडात मिसळलेला त्वचेचा रंग तुम्ही नकळत जास्त तांबूस करता. इमारत दुरुस्तीला काढली असेल तर परांचीवरच्या हिरव्या जाळीतून हिरवट उजेड येतो, आणि त्याची भरपाई म्हणून हात जांभळ्याकडे झुकतो. समोरची इमारत गुलाबी किंवा पिवळी रंगवलेली असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल तर तोच रंग तुमच्या टेबलावर येतो. हॉलमध्ये घरचे टीव्ही बघत असतील तर त्याच्या उजेडाचा रंग दर सेकंदाला बदलतो. त्याच्याकडे पाठ करून बसलात आणि भिंत पांढरी असेल तरी तो भिंतीवरून परत येतोच.

तपासणी: पाच पांढरे कागद घ्या. एक टेबलावर, एक खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, एक तुमच्या पाठीमागे, एक टेबलाच्या वर जितका उंच चिकटवता येईल तितका, एक दाराशी. फोनच्या कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (कॅमेरा कोणता उजेड पांढरा धरतो ते) ऑटोवरून काढून एका आकड्यावर पक्का करा आणि पाचही कागदांचे फोटो काढून शेजारीशेजारी बघा. नुसत्या डोळ्यांना सगळे पांढरेच दिसतात, फोटोत मात्र कोणता निळा आणि कोणता पिवळा ते लगेच कळतं. ज्या बाजूचा कागद रंग दाखवतो ती बाजू झाकायची: पांढरा जाड पडदा, नाहीतर पांढऱ्या फोमबोर्डचा आडोसा.

नोकरी करणारे बहुतेक जण दिवेलागणीलाच ब्रश हातात घेतात, आणि रंग जुळवायला तीच सर्वांत वाईट वेळ. बाहेरचा उजेड मिनिटामिनिटाला बदलत असतो आणि आतला दिवा त्यात मिसळलेला असतो. त्या तासात बेस (पायाखालची चकती) चिकटवणं, मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची रेघ) खरवडणं, प्रायमर (रंगाआधीचा थर) तपासणं ही कामं करा. रंग मिसळायला पूर्ण अंधार पडू द्या.

सावधान: परका उजेड नको म्हणजे खोली काळोखी करणं नव्हे. अंधाऱ्या खोलीत एकाच दिव्याच्या गोल उजेडात काम केलं की मान वर केल्यावर बाहुली विस्फारते, खाली घातल्यावर आकसते. डोळे दुखण्याचं नेहमीचं कारण हेच. खोलीत मंद, पण टेबलावरच्या दिव्याच्याच छटेचा उजेड राहू द्या.

टप्पा ३: बल्ब निवडा

आता खरेदी. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे लोहार चाळीत गेलात तर दुकानदार एवढंच विचारेल, ‘व्हाइट की वॉर्म?’ या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. खोकं मागा आणि चार गोष्टी वाचा. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळीच जा. गर्दी कमी असते आणि दुकानदार बल्ब लावून दाखवतो.

पहिली गोष्ट केल्विन, म्हणजे उजेडाची छटा. २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे घराघरात ‘कूल डेलाइट’ म्हणून ६५०० चालतो. मी ५००० केल्विन सुचवेन. छपाईच्या व्यवसायात रंग तपासण्यासाठी याच छटेचा प्रमाण उजेड धरतात. तो मिळाला नाही तर ४००० घ्या. ६५०० घेतलात तरी काम होईल, पण रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांना तो बोचतो.

दुसरी गोष्ट सीआरआय, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. बल्बच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा हा आकडा, शंभरपैकी. साध्या घरगुती बल्बवर ८० लिहिलेलं असतं, आपल्याला ९० किंवा वर हवा. खोक्यावर ‘डेलाइट’ लिहिलंय म्हणजे रंग खरे दिसतील, ही समजूत काढून टाका. डेलाइट ही फक्त छटा झाली. ६५०० केल्विनचा बल्ब ७० सीआरआयचाही असू शकतो, आणि त्याखाली भगवा फेटा मातकट दिसेल.

सीआरआयमध्येही एक मेख आहे. तो आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाइन. एलईडी नेमके इथेच कमी पडतात. लाल, भगवा, त्वचा, चामडं, तांबं या सगळ्यांचा जीव त्या आकड्यावर आहे. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आर-नाइन ५० च्या वर दिसला तर तो बल्ब निश्चिंत घ्या. लिहिलेलाच नसेल तर आपली जुनी फिगर खिशातून काढा, बल्बखाली धरा, मग दुकानाबाहेर सावलीत धरा. लाल रंग दोन्हीकडे तोच दिसायला हवा.

तिसरी गोष्ट लुमेन, म्हणजे बल्ब एकूण किती उजेड देतो ते. लॅम्पमागे ८०० ते ९०० लुमेन पुरतात, म्हणजे साधारण ९ वॉटचा एलईडी. चांगल्या सीआरआयचा बल्ब तेवढ्याच वॉटला थोडा कमी उजेड देतो, त्यात काही वावगं नाही. २० वॉटचा बल्ब आणून तो लांब टांगणं हा उलटा उपाय. चकाकी वाढते आणि हाती काही लागत नाही.

चौथी लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या दर्जाचा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण डोकं दुखतं. दुकानातच फोन स्लो मोशनवर टाकून पेटलेल्या बल्बचा व्हिडिओ घ्या. उजेड धडधडताना दिसला तर बल्ब परत करा. फोनमध्ये ती सोय नसेल तर दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर नको.

होल्डरही बघून घ्या. आपल्या घरातले बल्ब पिनचे, बी-२२. लांब हाताच्या बऱ्याच लॅम्पना आट्यांचा ई-२७ लागतो. दोन पिशव्या घेऊन घरी आल्यावर हे कळलं तर पुन्हा हेलपाटा.

सावधान: दोन लॅम्पमध्ये दोन वेगळे बल्ब कधीच नको. एकाच रंगाच्या दोन बाजू दोन छटांच्या दिसतील आणि त्या जुळवायला तुम्ही रंग बदलत बसाल. खोलीतली ट्यूबही जमल्यास त्याच केल्विनची घ्या. आणि बल्ब जोडीने बदला, एक गेला तरी.

टप्पा ४: दिवे जागेवर बसवा

लॅम्प लावायच्या आधी खुर्चीत बसा, कोपर टेबलावर टेका आणि रंगवता तशी फिगर हातात धरा. ती टेबलापासून वीत-सव्वा वीत वर आणि छातीच्या जवळ आली असेल. काम तिथे होतं. दिवे मात्र सगळे जण टेबलाच्या मध्यावर रोखतात, मग फिगरच्या टोपीवर लख्ख उजेड आणि चेहऱ्यावर अंधार. आपल्याला दिवे या हवेतल्या जागेवर रोखायचे आहेत. शेजारी कुणाला तरी तिथे पेन धरायला सांगा आणि त्यावरून मापं घ्या.

उजव्या हाताच्या माणसाने मुख्य दिवा डावीकडे, थोडा समोर आणि वर, फिगरपासून ३५ ते ४५ सेंटिमीटरवर ठेवावा. तिरपा, साधारण ४५ अंशांत. दुसरा उजवीकडे, तशाच तिरक्या कोनात, पण ५५ ते ६० सेंटिमीटरवर. डावखुऱ्यांनी बाजू उलट करायच्या.

हा लांब-जवळचा फरक मुद्दाम आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून दहा-पंधरा सेंटिमीटरनेही बराच फरक पडतो. वरच्या मापांत मुख्य दिवा दुसऱ्याच्या दुपटीच्या आसपास राहतो. दोन्ही समान केले तर फिगर सपाट दिसते, झग्याच्या चुण्या, बोटांमधल्या फटी, पट्ट्याचं बक्कल काहीच उठून येत नाही आणि वॉश (खाचांत उतरवायचा पातळ रंग) कुठे साचला ते कळत नाही. नुसता एकच लावला तर पलीकडची बाजू काळी पडते.

डोक्याच्या बरोबर वर दिवा टांगण्याची चूकही वारंवार होते. त्यात एक फसवणूक असते: हनुवटीखालची, पट्ट्याखालची सावली दिवाच पाडतो. आपल्याला वाटतं छटा छान आली, प्रत्यक्षात तिथे रंग लावलेलाच नसतो. फिगर उलटी धरून बघायची सवय लावा. उलटं धरल्यावर सावली नाहीशी झाली तर ती दिव्याची होती, रंगाची नव्हे.

तपासणी: फिगरच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्याच्या वर एक सेंटिमीटरवर ब्रशचं टोक आणा. दोन फिकट सावल्या टोकापासून दोन बाजूंना गेल्या पाहिजेत आणि टोकाखालचा कागद उजळ राहिला पाहिजे. गडद सावली नेमकी टोकाखाली आली तर मुख्य दिवा ब्रशच्या हाताच्या बाजूला गेला आहे. मग नजर वर करा: कोणत्याही दिव्याचा पेटलेला बल्ब थेट दिसता कामा नये. दिसला तर लॅम्पचं तोंड खाली वळवा.

भिंग लावणाऱ्यांसाठी एवढंच: डोक्यावरच्या भिंगाने चेहरा कामाच्या जवळ येतो आणि कपाळ उजेड अडवतं. दोन्ही दिवे थोडे खाली आणि बाजूला घ्या.

टप्पा ५: चकाकी मारा

उघडा एलईडी म्हणजे लहानसा, प्रखर ठिपका. ओल्या रंगावर तो पांढरा डाग पाडतो, आणि आपण त्या डागालाच हायलाइट समजतो. तलवारीच्या पात्यावर मेटॅलिक रंग असेल तर मग काहीच समजत नाही. उपाय स्वस्त आहे. ट्रेसिंग पेपर लॅम्पच्या तोंडावर, बल्बपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे, चिकटपट्टीने ताणून लावा. उजेड देणारा पृष्ठभाग मोठा झाला की सावलीच्या कडा विरतात.

कागद बल्बला टेकवू नका, लॅम्पची वरची भोकंही बंद करू नका. एलईडी गार वाटला तरी त्याच्या बुडाशी उष्णता असते आणि ती अडकली की बल्ब लवकर जातो. हॅलोजन किंवा जुना तारेचा बल्ब असेल तर कागद लावूच नका, आग लागू शकते.

कागदाने उजेड थोडा कमी होतो. फोनमधल्या लक्स (जागेवर पडणारा उजेड) मोजणाऱ्या ॲपने फिगरच्या जागी मोजा. १००० ते २००० लक्स हवेत. या ॲपचा आकडा अंदाजे असतो, पण आधी-नंतरची तुलना करायला पुरतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी वरच्या आकड्याकडे राहावं.

टप्पा ६: टेबलाचा रंग

पांढरा सनमायका खालून उजेड फेकतो आणि नजर दिपवतो. लाकडी पिवळा सनमायका पिवळा उजेड फेकतो. त्यावर करडा कार्डशीट अंथरा, समोरच्या भिंतीवरही एक लावा. हातातल्या फिगरच्या मागे काय दिसतं त्यावर तिचा रंग ठरतो. हिरव्या कटिंग मॅटवर त्वचा हमखास जास्त लाल भासते.

टप्पा ७: वायर आणि पाणी

ब्रश धुण्याचा पेला आणि एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या विरुद्ध बाजूंना. बोर्ड जमिनीवर नको, टेबलाच्या पायाला उंचावर बांधा. लॅम्प धातूचा आणि तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालू नका. अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून एकदा बघून घ्या. समुद्राजवळच्या घरात लॅम्पच्या स्प्रिंगा खाऱ्या हवेने गंजतात आणि एखाद्या रात्री हात अचानक खाली येतो. पावसाळ्याआधी त्यांना मशीन ऑइलचा थेंब द्या.

टप्पा ८: खुणा करा, मग रंगवायला बसा

फोल्डिंग टेबल रोज उघडून मिटणाऱ्यांसाठी हा टप्पा सक्तीचा समजा. क्लॅम्पची जागा टेबलाच्या कडेवर मार्करने आखा. टेबलाच्या पायांच्या जागा लादीवर चिकटपट्टीने दाखवा. लॅम्पच्या सांध्यांवरून आरपार एक रेघ मारा, म्हणजे दुसऱ्या दिवशी रेघ जुळवली की कोन जुळला. एक फिगर एकाच मांडणीत पूर्ण व्हायला हवी. अर्धी फिगर एका उजेडात आणि अर्धी दुसऱ्यात झाली की दोन्ही अर्धी बरोबर असूनही एकमेकांना जुळत नाहीत.

प्रायमर मारलेल्या कार्डाच्या पट्टीवर नेहमीचे आठ-दहा रंग लावा, मागे बाटलीचं नाव लिहा. ही पट्टी दिव्याखाली बघा आणि सकाळी अकराच्या सुमारास खिडकीच्या सावलीत बघा. दोन बाटल्यांचे रंग दिव्याखाली सारखे दिसून दिवसाच्या उजेडात वेगळे पडू शकतात. रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतं. अशा जोड्यांवर खूण करा आणि दुरुस्ती करताना एकाच्या जागी दुसरा वापरू नका.

फिगर शोकेसमध्ये जाणार असेल तर वार्निश मारण्याआधी एकदा शोकेसच्याच दिव्यात ठेवून बघा. तिथला बल्ब पिवळा असेल तर निळ्या छटा बऱ्याच विझतात, आणि त्या थोड्या उजळून घ्यायची संधी वार्निशआधीच असते.

बिघडलं तर काय हलवायचं

लाल सकाळी विटकरी दिसतो: बल्बचा सीआरआय आणि आर-नाइन. केल्विनशी खेळू नका.

सगळेच रंग एकाच छटेकडे झुकलेत: पुन्हा पाच कागदांची तपासणी. खिडकीबाहेर नवीन ताडपत्री किंवा जाळी आली असेल.

हायलाइट दिवसा दिसत नाही: चकाकीने फसवलंय. ट्रेसिंग पेपर लावा, रंग पूर्ण वाळल्यावर फिगर दोन्ही हातांनी फिरवून बघा. पांढरा ठिपका फिरवताना सरकत असेल तर तो उजेड आहे, जागेवर राहत असेल तर रंग.

पॅलेटवरचा रंग फार लवकर सुकतो: दिवे नव्हेत, पंखा. वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारं पॅलेट) वापरा किंवा पंखा एकवर आणा.

डोळे दुखतात: आधी लुकलुक तपासा, मग खोलीतला अंधार, मग बल्ब थेट डोळ्यांत येतो का ते. तिन्ही ठीक असूनही त्रास राहिला तर दिव्यांत बदल करत बसू नका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.